किती शिकवायचं? आरोग्य सहाय्यकांच्या प्रशिक्षणाची गोष्ट

(धर्मापुरी इथं दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



केदारेश्वराच्या गावात इतिहासावर बोलायला उभं राहिलं की लोकांना वाटतं, आता हा माणूस चालुक्यांवर बोलणार, किल्ल्यावर बोलणार. साहजिक आहे. देवळाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला लोक लांबून येतात. पण आज मी दगडातल्या इतिहासावर बोलणार नाही. ज्यांच्या नावाचा शिलालेख कुणी कोरला नाही, अशा माणसांवर बोलणार आहे. दवाखान्यात गेलो की आपण ज्यांना मावशी म्हणतो, मामा म्हणतो, वॉर्डबॉय म्हणतो, ती माणसं. आपल्या आजीची चादर बदलणारी, भावाला स्ट्रेचरवरून हलवणारी. आणि गावात असाल तर आशाताई, अंगणवाडीच्या ताई, आणि त्यांच्याही आधीची सुईण.

हा विषय आजच का घेतला? इथं समोर दहावी-बारावी झालेल्या बऱ्याच मुली बसल्यात. तुमच्यापैकी काहींनी ‘जीडीए’चा कोर्स केला असेल, काही चौकशी करत असतील. जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. काही महिन्यांचा कोर्स, मग लातूर, संभाजीनगर नाहीतर पुण्याच्या दवाखान्यात काम, किंवा कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा. घरातले विचारतात, ‘एवढ्याशा कोर्सनं काय होतंय?’ आणि दवाखान्यातले म्हणतात, ‘एवढं शिकवलंय, बास झालं की.’

हा जो प्रश्न आहे ना, की मदतनीसाला किती शिकवायचं, तो आजचा नाही. तो सव्वाशे-दीडशे वर्षं जुना आहे. त्याचं उत्तर दर वेळी कुणी दिलं आणि कशाच्या भीतीनं दिलं, एवढंच आज बघायचंय.

सुरुवात सुईणीपासून करू. आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणं कुणी केली? सुईणीनं केली. तिला शिकवलं कुणी? तिच्या सासूनं, आईनं, नाहीतर हातानं. बऱ्याच गावांत हे काम तथाकथित खालच्या मानलेल्या जातीतल्या बायकांकडं होतं, कारण बाळंतपणाचा विटाळ मानायचे. म्हणजे बघा, जीव वाचवायला जिला घरात घ्यायचं, काम झालं की तिनं शिवलेलं सगळं धुऊन काढायचं. ज्ञान तिच्या हातात आणि मान मात्र दुसऱ्याला. या कामाचा हा पहिला वारसा. तो अजून पुरता गेलेला नाही, हे लक्षात ठेवा.

मग इंग्रजी दवाखाने आले. मुंबईत १८८६ साली बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं एक निधी सुरू झाला होता. बायकांवर उपचार करायला बायका तयार कराव्यात, हा त्याचा हेतू. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत एक नाव येतं, काशीबाई गणपत. १८९१ मध्ये नर्सिंगचं शिक्षण घ्यायला आलेल्या त्या पहिल्या हिंदी बाई, असं सांगतात. त्यांच्याबद्दल एक ओळ, फार तर दोन. डॉक्टर आनंदीबाई जोशींवर कादंबरी आहे, नाटक आहे, सिनेमा आहे. काशीबाईंवर पाठ्यपुस्तकातली एक ओळ. यात कुणाला कमी लेखायचं नाही. पण इतिहास कुणाला जागा देतो ते दिसतं.

पुढं पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं. तिथल्या विद्यार्थिनींना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवायला लागले. आज ऐकायला सोपं वाटतं. त्या काळी विचार करा. केस काढलेली तरुण विधवा, तिनं परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्या जातीचा ते न विचारता. जे काम हलकं म्हणून ठरलेलं, ते ‘शिकून’ करायचं. सेवासदनानं काय केलं? कामाला शिक्षणाची जोड दिली आणि त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. ही युक्ती आपल्याला पुढंही दिसणार आहे.

आता सरकारकडं येऊ. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. नावावरून आपल्या भोरचं वाटतं, पण ते सर जोसेफ भोर, समितीचे अध्यक्ष. त्यांनी मोजणी मांडली. ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागं एक नर्स. शिकलेली सुईण, म्हणजे मिडवाइफ, ६०,००० माणसांमागं एक. डॉक्टर ६,३०० माणसांमागं एक. यातली गंमत बघा. नर्सपेक्षा डॉक्टर जास्त! फौजेत शिपायांपेक्षा सुभेदार जास्त असावेत तसं. आणि हा हिशोब ब्रिटिश हिंदुस्थानचा. आपण त्यात नव्हतोच. आपण निजामाच्या राज्यात. अंबाजोगाईचं नावसुद्धा तेव्हा मोमिनाबाद होतं.

त्याच समितीत एक वाद झाला. त्या वेळी डॉक्टरकीचे दोन रस्ते होते. एक पदवीचा मोठा, दुसरा त्यापेक्षा कमी काळाचा, परवानाधारक डॉक्टरांचा. त्यांना एलएमपी म्हणायचे. समितीतल्या बहुसंख्य सदस्यांनी ठरवलं की छोटा रस्ता बंद करायचा, डॉक्टर एकाच दर्जाचे हवेत. काही सदस्यांनी विरोध केला. ते म्हणाले, खेड्यात कोण जाणार मग? विरोध करणारे हरले. समितीच्या बाजूनंही तर्क होताच. गरिबाला अर्धवट डॉक्टर आणि श्रीमंताला पूर्ण डॉक्टर, हे चालणार नाही, असं तिचं म्हणणं. तत्त्व बरोबर आहे. पण खेड्यात ना पूर्ण पोचला ना अर्धा. मधली जागा रिकामी राहिली.

ती जागा भरायला आली एएनएम. ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. गावात आपण तिला नुसतं ‘सिस्टर’ म्हणतो. पन्नाशीच्या दशकात हा कोर्स सुरू झाला, दोन वर्षांचा. १९७३ मध्ये करतारसिंग समितीनं म्हटलं, प्रत्येक रोगाला वेगळा कर्मचारी नको, एकच बहुउद्देशीय कर्मचारी ठेवा. झालं. देवीची लस, मलेरिया, कुटुंबनियोजन, बाळंतपण, सगळं एकीच्या डोक्यावर. आणि १९७७ च्या सुमाराला तिचा कोर्स दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला. काम वाढवलं आणि शिकवणं घटवलं! पुढं २०१२ च्या सुमाराला परत दोन वर्षं केलं. मधे पस्तीस वर्षं गेली.

आपल्याकडंही त्याच काळात मोठी गोष्ट घडली. १९७४ मध्ये अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. स्वामीजी त्याच गावात योगेश्वरी शाळेत शिक्षक होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा अभिमान सांगितला जातो.  डॉक्टर तयार करण्याचं ठिकाण खेड्यांच्या जवळ आलं. पण डॉक्टर आणि गावातली बाई यांच्यामधला माणूस कुठं तयार व्हायचा? त्याचं उत्तर दुसऱ्याच दिशेला शोधलं जात होतं. फार लांब नाही. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून, जामखेडला.

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आजच्या विषयाचा गाभा इथं आहे.

डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरला शिकलेले. पुढं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले. आणि १९७० साली कुठं आले? जामखेडला. दुष्काळी मुलूख. त्यांच्या डोक्यात आधी सरळ हिशोब होता. शिकलेल्या नर्स घ्यायच्या आणि खेड्यात पाठवायच्या. पाठवल्या. जमलं नाही. तरुण मुलगी, परक्या गावात एकटी. राहायचं कुठं? रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही? आणि गावातल्या बाया तिचं ऐकायच्या नाहीत. ‘तुझं लग्न झालं नाही, तू आम्हाला बाळंतपणाचं काय सांगतीस?’

मग विचार उलटा फिरला. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी. तिला शिकवू. निवडून आलेल्या बाया कोण होत्या? बहुतेक निरक्षर. अनेक दलित. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा. डॉक्टर मंडळींनी तेव्हा डोक्याला हात लावला असेल. अक्षर ओळखत नाही ती औषध काय ओळखणार!

आरोळ्यांनी किती महिन्यांचा कोर्स केला असेल? इथंच मेख आहे. कोर्स संपतच नव्हता. आठवड्यातून दोन दिवस बायांनी जामखेडला यायचं. आठवडाभर गावात काय झालं ते सांगायचं. कुणाच्या लेकराला जुलाब झाले, काय केलं, काय चुकलं. मग त्यावरच शिकवणं. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, हात कधी धुवायचे, पोराचं वजन कसं घ्यायचं, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखायचा, खोकला किती दिवस राहिला की बेडका तपासायला पाठवायचं. परत गावात. पुढच्या आठवड्यात परत जामखेडला. वर्षानुवर्षं. वेगवेगळ्या जातीच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र राहायच्या. तेही शिक्षणच होतं, आणि कदाचित सगळ्यात अवघड.

परिणाम? संस्थेच्या नोंदी सांगतात की १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावायची. १९९६ मध्ये हा आकडा २६ झाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ नावाच्या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्तीनं अमेरिकेत, वॉशिंग्टनला, जगभरच्या तज्ज्ञांपुढं भाषण केलं. तिनं सांगितलं त्याचा मतलब असा, की मोठा दवाखाना म्हणजे सभागृहातलं झुंबर, सुंदर पण महाग आणि हाताला न येणारं. आम्ही म्हणजे पणत्या. पणतीवर दुसरी पणती लावता येते. मंडळी, आरोग्य सहाय्यकाच्या प्रशिक्षणावर मी पुष्कळ अहवाल वाचलेत. पण त्या एका उपमेइतकं नेमकं मला कुठं सापडलं नाही.

आता याच्या शेजारी सरकारी योजना ठेवून बघा. २ ऑक्टोबर १९७७. केंद्रात जनता सरकार. हजार लोकवस्तीमागं एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन. कल्पना जामखेडसारखीच दिसते, नाही का? पण निवड बऱ्याच ठिकाणी गावच्या पुढाऱ्यानं केली. त्यामुळं आले बहुतेक पुरुष. बाळंतिणीजवळ पुरुष कसा जाणार? तीन महिने शिकवलं, पेटी दिली, आणि नंतर विचारायला कुणी नाही. योजनेची नावं बदलत गेली आणि ती हळूहळू विझली. तीन महिने कमी होते म्हणून विझली, असं मला वाटत नाही. तीन महिन्यांनंतर काहीच नव्हतं, म्हणून विझली.

तिसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिला आरोग्यदूत म्हणायचे. तिनं बाळाचा श्वास मोजायचा, ऊब द्यायची, आणि जंतुसंसर्ग दिसला तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. यावर वाद होणारच होता. पाचवी-सातवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार? पण १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तिला ते इंजेक्शन देता आलं, कारण तिला नेमकं एवढंच शिकवलं होतं, परत परत शिकवलं होतं, आणि कुणीतरी येऊन तपासत होतं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आपल्या आशाताई आल्या. सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. पुढं नवजात बाळाच्या घरभेटी त्यांच्या कामात आल्या. त्यामागं गडचिरोलीचा धडा आहे. म्हणजे एका अर्थानं महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या बायांनी देशाला अभ्यासक्रम दिला. पण एक गोष्ट तशीच राहिली. आशाताई ‘स्वयंसेविका’. पगार नाही, मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, आणि त्याच आशाताई मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसलेल्या आपण पाहिल्या. सुईणीची गोष्ट आठवली का? हात तिचा, मान दुसऱ्याचा.

आता आपल्या जिल्ह्याबद्दल एक कडू गोष्ट बोलतो. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. कारणं अनेक आहेत. गरिबी, मुकादमाची उचल, पाळीत सुट्टी नाही, फडावर पाण्याची सोय नाही. मी एवढंच विचारतो. दुखणं घेऊन डॉक्टरकडं जाण्याआधी त्या बाईला ‘थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरला विचार’ असं सांगणारं तिच्याजवळ कोण होतं? आशाताई गावात आणि टोळी सहा महिने कर्नाटकात नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात. म्हणूनच टोळीतल्याच बाईला प्रथमोपचार शिकवून, औषधाची पेटी देऊन ‘आरोग्य सखी’ करायचे प्रयत्न बीड जिल्ह्यात झाले, ते मला मोलाचे वाटतात. जामखेडचाच धागा आहे तो. माणूस जिथं आहे तिथलीच बाई शिकवा.

आणि शेवटी जीडीए. कोरोनात सगळ्यांना कळलं की व्हेंटिलेटर विकत आणता येतो, रुग्णाला पालथं झोपवणारे हात विकत आणता येत नाहीत. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारनं एक लाख माणसांना झटपट प्रशिक्षण द्यायचा कार्यक्रम काढला. घरची काळजी, प्राथमिक काळजी, नमुने घेणं, असे सहा प्रकार. घाईत काढला, गरज होती. पण घाईत काढलेली गोष्ट कायमची होऊन बसते, हा आपला जुना अनुभव आहे.

माझा एक घरचा अनुभव सांगतो. माझे वडील शेवटी पाच आठवडे अंथरुणाला होते. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, पाच मिनिटं. पण दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचा एक विशीतला मुलगा. पाठ कोरडी करायचा, टाचांखाली उशी ठेवायचा, त्वचा लाल झालीय का बघायचा. वडील गेले तेव्हा त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. अंथरुणात पडून पाठीला जखमा होतात ना, त्यातली एकही नाही. मी त्याला विचारलं, हे तुला कोर्समध्ये शिकवलं का? म्हणाला, ‘कोर्समध्ये सांगितलं होतं. शिकवलं वॉर्डातल्या एका जुन्या मावशीनं.’

सव्वाशे वर्षांचा इतिहास मला त्या एका वाक्यात दिसतो. मदतनीसाला किती शिकवायचं, हे आपण बहुतेक वेळा भीतीनं ठरवलं. फार शिकली तर डॉक्टर व्हायला बघेल, फार शिकली तर पगार मागेल. जिथं ते रुग्णाच्या गरजेवरून ठरवलं, तिथं निरक्षर बाईनंसुद्धा जीव वाचवले. आणि जिथं शिकवणं एकदाच करून थांबवलं, तिथं चांगली योजनाही विझली.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, मग मी हा कोर्स करू का नको?

उत्तर: कर, बाळा. पण फी भरायच्या आधी चार गोष्टी विचार. पहिली, प्रत्यक्ष दवाखान्यात किती दिवस काम करायला मिळणार, आणि तिथं शिकवायला कोण असणार? दुसरी, प्रमाणपत्र कुणाचं, सरकारमान्य आहे का? तिसरी, याच्यापुढं काय? एएनएमला, नर्सिंगला जायचं झालं तर लागणारं शिक्षण तुझं आहे का? नसेल तर बारावी सोडू नकोस, काम करता करता पूर्ण कर. चौथी, कामावर तुला काय करायला सांगतील आणि काय सांगणार नाहीत, हे लेखी दे म्हणावं. रात्री दोन वाजता सिस्टर नसताना कुणी म्हणालं की हे इंजेक्शन दे, तर तुला ‘नाही, मला ते शिकवलेलं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. ते म्हणण्यात कमीपणा नाही.

आणि पाचवी गोष्ट विचारायची नाही, करायची. जुन्या मावशीजवळ उभी राहा. ती जे करते ते बघ. नंतर एखादी नवी पोरगी आली, तर तिला तुझ्याजवळ उभी राहू दे.